अ‍ॅसेनोकुमारॉल किंवा वॉर्फरिन चालू असताना दुसरे औषध घेण्यापूर्वी काय पाहावे?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. माझ्या वडिलांच्या हृदयातील माइट्रल झडप काढून तेथे यांत्रिक झडप बसवलेली आहे. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली आणि तेव्हापासून त्यांना रोज रात्री रक्त पातळ ठेवणारी, वॉर्फरिनसारखीच, अ‍ॅसेनोकुमारॉलची गोळी चालू आहे. गोळी ते विसरत नाहीत आणि आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या आकड्याची) तपासणीही वेळेवर होते. तरीही मागच्या उन्हाळ्यात त्यांना जुलाब झाले, गावातील एका दवाखान्यातून त्यावर गोळ्या मिळाल्या आणि काही दिवसांतच दात घासताना हिरड्यांतून आलेले रक्त थांबेना. आयएनआर 7 च्या वर गेला होता. हृदयरोगतज्ज्ञांनी गोळी तात्पुरती थांबवली, पुन्हा पुन्हा तपासणी करून आयएनआर खाली आणला, म्हणून निभावले. जुलाबाच्या गोळ्या देताना "दुसरे कोणते औषध चालू आहे का" असे कोणी विचारलेच नव्हते.

पुढे पंचक्रोशीतील अशा इतर रुग्णांच्या घरी चौकशी केली, तेव्हा जवळजवळ हेच ऐकायला मिळाले. मूळ गोळीने क्वचितच घात केलेला असतो. तिच्या जोडीला पोटात गेलेल्या दुसऱ्या कशाने तरी गणित बिघडलेले असते, आणि ते दुसरे देणाऱ्याला पहिल्या गोळीची माहितीच नसते. म्हणून जाणकारांना विनंती आहे की, कोणत्या औषधांपासून जपावे, खाण्यापिण्याचे काय करावे आणि रात्री-अपरात्री कोणते लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये, हे कृपया सविस्तर लिहावे. कोणाची मात्रा ठरवून मागण्याचा हेतू नाही. ते काम त्यांच्या डॉक्टरांचेच आहे.

औषधालय (बीड)

मांजराकाठ, आपण नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. मी औषधविक्रेता आहे. आमच्या काउंटरवर येणारा माणूस बहुधा स्वतः रुग्ण नसतो; त्याचा मुलगा, पुतण्या किंवा शेजारी असतो आणि "कंबर दुखायची गोळी द्या" एवढेच सांगतो. अशा वेळी विचारणे हे आमचे कर्तव्य आहेच, परंतु न विचारता सांगणे हे रुग्णाच्या घरच्यांनी अंगवळणी पाडून घ्यावे.

सर्वांत जास्त जपायचे ते वेदनाशामकांपासून. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन ही नावे पाठ करून ठेवावीत, कारण ती एकेकटी फार कमी वेळा मिळतात. बहुतेक पाकिटांत त्यांच्या जोडीला पॅरासिटामॉल असते आणि घेणारा "तापाची साधी गोळी आहे" असे समजून घेतो. पाकिटाच्या मागे घटक छापलेले असतात, ते वाचावेत किंवा वाचून घ्यावेत. डोकेदुखीसाठी पाण्यात विरघळवून घेण्याच्या काही गोळ्यांत अ‍ॅस्पिरिन असते. हृदयरोगतज्ज्ञांनी विचारपूर्वक लिहून दिलेले कमी मात्रेचे अ‍ॅस्पिरिन मात्र वेगळे. ते त्यांच्या सांगण्यावरूनच चालते आणि त्यांच्या सांगण्यावरूनच बंद होते.

दुसरा गट जंतुनाशकांचा. आपल्या वडिलांना कोणत्या गोळ्या मिळाल्या हे आपण लिहिलेले नाही, पण जुलाबासाठी आपल्याकडे ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल यांची एकत्र गोळी सर्रास दिली जाते, आणि मेट्रोनिडाझोल तर घराघरांत उरलेले सापडते. ही औषधे अ‍ॅसेनोकुमारॉल व वॉर्फरिनचा परिणाम वाढवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, को-ट्रायमॉक्साझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांचेही तसेच. नायटा आणि गजकर्ण यांवर दिले जाणारे फ्लुकोनाझोल हे या बाबतीत विशेष जपण्यासारखे आहे, कारण ते आठवडेच्या आठवडे घेतले जाते. तोंड आले म्हणून लावायचे मायकोनाझोलचे जेलसुद्धा आयएनआर धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही, कारण ते पोटात घ्यायचे औषध नाही अशी त्यांची समजूत असते.

उलट दिशेने काम करणारी औषधेही आहेत. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन, फिट्ससाठी दिले जाणारे कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन यांमुळे कालांतराने गोळीचा परिणाम घटतो आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. क्षयाचा उपचार संपला की आणखी एक अडचण उभी राहते: रिफाम्पिसिनचा प्रभाव हळूहळू ओसरतो आणि त्या काळात वाढवून ठेवलेली मात्रा जास्त होऊ लागते. म्हणून औषध सुरू होताना जितके लक्ष द्यायचे, तितकेच ते बंद होतानाही द्यायचे.

आणखी एक गोष्ट बाटलीतली. गुडघ्यांना चोळायचे गंधपुऱ्याचे तेल आणि त्या वासाचे बरेचसे बाम यांत मिथाइल सॅलिसिलेट असते. ते अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातले आहे आणि त्वचेतून शरीरात शोषले जाते. दोन्ही गुडघ्यांना रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर चोळणाऱ्यांचा आयएनआर वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

फिजिशियन (धाराशिव)

औषधालय यांनी चांगले लिहिले आहे. त्यात दोन मुद्द्यांची भर घालतो.

पहिला मुद्दा असा की, जंतुनाशक घ्यायचेच नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. झडप बदललेल्या माणसाच्या शरीरात जंतुसंसर्ग वाढू देणे हे फार धोक्याचे आहे, कारण तो झडपेपर्यंत पोहोचू शकतो. औषध घ्यावे, परंतु सुरू केल्यापासून साधारण 3 ते 5 दिवसांत आयएनआर पाहावा आणि औषध संपल्यावर पुन्हा पाहावा. महिन्याने होणाऱ्या नेहमीच्या तपासणीपर्यंत थांबू नये.

दुसरा मुद्दा वेदनाशामकांबद्दलचा आहे आणि तो अनेक सुशिक्षित घरांतही नीट समजलेला नसतो. आयएनआर हा आकडा यकृतात तयार होणाऱ्या घटकांमुळे रक्त गोठायला किती वेळ लागतो, एवढेच सांगतो. अ‍ॅसेनोकुमारॉल आणि वॉर्फरिन शरीरातील के जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवतात, त्यामुळे रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे अपुरे तयार होतात आणि आयएनआर वाढतो. डायक्लोफेनॅकसारखी औषधे मात्र रक्तातील बिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) काम मंदावतात आणि जठराच्या आतल्या अस्तराला इजा करतात. हे नुकसान आयएनआरमध्ये दिसत नाही. म्हणजे आयएनआर 2.8 असा अगदी व्यवस्थित असताना जठरातून मोठा रक्तस्राव होऊ शकतो. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दोन दिवस दुखण्याची गोळी घ्यायला काय हरकत आहे" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकावा लागतो आणि त्याचे उत्तर हे असे आहे. वेदना किंवा तापासाठी पॅरासिटामॉल हा त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय आहे, पण दिवसाला 2 ग्रॅम किंवा अधिक असे ते सलग काही दिवस घेतले तर आयएनआर वाढतो, म्हणून तेही सांगूनच घ्यावे.

गुडघेदुखीवर "झाडपाल्याच्या" म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते. वर्षानुवर्षे जखडलेले गुडघे एका रात्रीत मोकळे करणाऱ्या पुडीत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असल्याची शक्यता मोठी असते. ज्या औषधावर घटक छापलेले नाहीत, ते या रुग्णाने घेऊ नये. त्याला अपवाद नाही.

अंबाडी (निलंगा)

खाण्याचा विषय निघाला आहे म्हणून विचारते. माझ्या सासूबाईंना हीच गोळी चालू आहे. कोणीतरी त्यांना हिरव्या पालेभाज्या पूर्ण वर्ज्य सांगितल्या आणि त्यांनी त्या वर्षभर सोडल्या. आता मेथी, शेपू, चाकवत, करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा घोळाणा यांवाचून आमच्याकडचा हिवाळा कसा काढायचा? वेळ अमावस्येला शेतात भज्जी झाली, तेव्हा सगळे पंगतीला बसले आणि त्या बाजूला बसून आंबील आणि भाकरी एवढेच खात होत्या. हे खरोखर आवश्यक आहे का?

फिजिशियन (धाराशिव)

ताई, आवश्यक नाही. सासूबाईंना भाज्या पुन्हा सुरू करता येतील, फक्त एकदम नव्हे.

पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करते, हे खरे. परंतु गोळीची मात्रा माणसाच्या नेहमीच्या आहाराला धरूनच बसवलेली असते. आठवड्यात दोन-तीनदा पालेभाजी खाणाऱ्याची मात्रा त्या भाजीसकट ठरते. धोका भाजीत नसून चढउतारात आहे. जो माणूस भाजी अजिबात खात नाही, त्याच्या शरीरातील या जीवनसत्त्वाचा साठा तुटपुंजा राहतो आणि मग एखाद्या दिवशी खाल्लेल्या थोड्याशा भाजीनेही त्याचा आयएनआर हेलकावतो. म्हणून आम्ही भाजी बंद करायला सांगत नाही. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवा असे सांगतो. आपल्या डॉक्टरांना कळवून थोड्या भाजीपासून सुरुवात करावी, दोन आठवड्यांत एक-दोनदा आयएनआर पाहावा आणि मात्रा बसली की तोच क्रम ठेवावा.

वेळ अमावस्येच्या भज्जीत मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याची पाने असा बराच पाला आणि सोबत ओल्या शेंगांचे दाणे असतात. एका दिवशी इतरांबरोबर एक वाटी भज्जी खाल्ल्याने अनर्थ होत नाही. मात्र उरलेली भज्जी पुढे दोन-तीन दिवस दोन्ही वेळा खायची आपल्याकडे पद्धत आहे, ती या रुग्णाने पाळू नये.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपला आहार ऋतूबरोबर फार बदलतो. मार्गशीर्ष-पौषात ताटात रोज पाला असतो, आणि चैत्र-वैशाखात पाण्याअभावी भाजी मिळेनाशी होते, मग पिठले, वरण, कांदा आणि ठेचा यांवर दिवस निघतात. याच उन्हाळ्यात भूक मंदावते आणि जुलाब होतात. या तिन्ही गोष्टी आयएनआर वाढवण्याच्या बाजूच्या आहेत. मांजराकाठ यांच्या वडिलांच्या बाबतीत जुलाब आणि त्यांवरील गोळ्या यांचा एकत्र परिणाम झालेला असावा. म्हणून हिवाळा सरताना आणि उन्हाळा लागताना एखादी जादा तपासणी करून घ्यावी, असा माझा माझ्या रुग्णांना आग्रह असतो. श्रावणातील किंवा नवरात्रातील कडक उपवासांनाही हेच लागू आहे. उपवासाला डॉक्टर नाही म्हणाले, तर ते ऐकावे. आणि दारू पूर्ण टाळावी.

स्वयंपाकातील हळद, लसूण, आले यांची भीती बाळगू नये. त्यांच्याच अर्काच्या कॅप्सूल मात्र विकत आणून घेऊ नयेत.

केजचे गुरुजी

माझा वैद्यकाशी संबंध नाही, पण आमच्या तालुक्याची अडचण येथे नोंदवली पाहिजे असे वाटते. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडील कुटुंबे कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या कारखान्यांवर जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. या लोकांमध्ये लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले तरुण स्त्री-पुरुष आहेत. शस्त्रक्रिया होते, गोळी सुरू होते आणि माणूस फडात जातो. तेथे टोळीसोबत आज एक गाव, उद्या दुसरे. चिठ्ठी गावाकडे राहिलेली असते आणि नव्या ठिकाणच्या डॉक्टरांना "छातीचं ऑपरेशन झालंय" यापलीकडे काही कळत नाही.

यावर आम्ही शाळेत एक उपाय केला. ज्यांच्या घरी अशी गोळी आहे, त्या मुलांना जाड पुठ्ठ्याचे कार्ड लिहून दिले आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या किंवा वडिलांच्या बटव्यात ठेवायला सांगितले. त्यावर औषधाचे नाव, गोळी किती मि.ग्रॅ.ची, कशासाठी चालू आहे, झडप कोणती, आयएनआर कुठून कुठपर्यंत हवा, शेवटचे आकडे तारखांसह, आणि शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाचा फोन एवढेच असते. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: "दंडात, कमरेत इंजेक्शन देण्यापूर्वी व दुखण्याची गोळी देण्यापूर्वी हे वाचावे." अक्षरे मुलांच्या हातची आहेत, त्यामुळे घरात त्या कार्डाला मान आहे.

एक शंका. ही गोळी म्हणजे उंदीर मारण्याचे औषध आहे, असे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते आणि ते वाचून एकाने ती बंदही केली होती. त्यांना काय सांगावे?

फिजिशियन (धाराशिव)

गुरुजी, आपल्या कार्डाचा नमुना मी माझ्या दवाखान्यात वापरतो आहे, त्याबद्दल आभार.

उंदरांच्या औषधाचा इतिहास खरा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला बुरशी लागली, तो खाऊन गुरे शिंग कापण्यासारख्या किरकोळ जखमेतूनही रक्त वाहून मरू लागली. 1933 च्या हिवाळ्यात एका शेतकऱ्याने मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांची प्रयोगशाळा गाठली. त्यांच्या चमूने त्या चाऱ्यातील द्रव्य शोधून काढले. त्यावरून पुढे वॉर्फरिन तयार झाले; ते 1948 मध्ये उंदरांसाठी बाजारात आले आणि 1954 मध्ये माणसांसाठी मान्य झाले. 1955 मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते देण्यात आले होते. उंदराला ते मोजमापाशिवाय मिळते. रुग्णाला ते तपासणी करून, मिलिग्रॅममध्ये मोजून मिळते. गोळी बंद केलेल्या त्या माणसाला यांत्रिक झडप असेल, तर त्यावर गुठळी धरून झडप अडकू शकते किंवा गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होऊ शकतो. त्यांना आजच डॉक्टरांकडे न्यावे.

संधिवाताच्या तापाचा उल्लेख आपण केलात म्हणून एक सावधगिरी सांगतो. या रुग्णांपैकी अनेकांना दर 3 किंवा 4 आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन स्नायूत घ्यावे लागते. "इंजेक्शन नको" असे वाचून त्यांनी ते बंद करू नये. आयएनआर मर्यादेत असताना, देणाऱ्याला कल्पना देऊन आणि नंतर ती जागा नीट दाबून धरून ते देता येते. टाळायचे आहे ते अंगदुखीसाठी कमरेत घेतले जाणारे इंजेक्शन.

सूक्ष्मदर्शी (जालना)

मी प्रयोगशाळेत काम करतो. आयएनआरचा आकडा चुकण्याचे एक कारण रक्त घेतानाच घडते, ते सांगतो. या तपासणीची नळी निळ्या टोपणाची असते आणि तिच्यात सोडियम सायट्रेटचे द्रावण मोजून भरलेले असते. 1 भाग द्रावणाला 9 भाग रक्त हे प्रमाण पाळावे लागते, म्हणून नळीवर खूण असते. शीर सापडत नाही म्हणून रक्त खुणेच्या बरेच खाली राहिले, तर द्रावणाचे प्रमाण जास्त होऊन आयएनआर खोटाच वाढलेला येतो. मग त्या आकड्यावरून मात्रा कमी केली जाते आणि रुग्णाला गुठळीचा धोका निर्माण होतो. नातेवाइकांनी नळी खुणेपर्यंत भरली आहे का, हे पाहायला संकोच करू नये. माझ्यासमोर कोणी पाहिले तर मला राग येत नाही.

शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, कारण वापरल्या जाणाऱ्या रसायनाची संवेदनशीलता वेगवेगळी असते. आयएनआर हा तो फरक भरून काढण्यासाठीच केलेला हिशेब आहे, तरी थोडी तफावत उरतेच. आणि आकडा अनपेक्षित आला, पण रुग्णात काहीच बदल नसेल, तर मात्रा बदलण्यापूर्वी पुन्हा तपासणी करण्याची विनंती डॉक्टरांना जरूर करावी.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. नळीची खूण मला माहीत नव्हती. आम्हाला गोळी रात्री आणि तपासणी सकाळी असेच का सांगतात? आणि "दीड गोळी" असे लिहिलेल्या चिठ्ठीमुळे होणारा घोळ कसा टाळायचा?

औषधालय (बीड)

सकाळी रक्त दिले की दुपारपर्यंत अहवाल येतो आणि मात्रा बदलायची असेल तर त्याच रात्रीच्या गोळीपासून बदलता येते, हे रात्रीचे कारण. एखाद्या रात्री विसर पडला आणि मध्यरात्रीपूर्वी आठवले तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवले तर चुकलेली सोडून द्यावी, दोन्ही एकदम घेऊ नयेत, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर फुली करावी, म्हणजे पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगता येते.

"दीड गोळी" हा शब्दप्रयोग टाळण्यासारखाच आहे. अ‍ॅसेनोकुमारॉल 1, 2, 3 आणि 4 मि.ग्रॅ. अशा निरनिराळ्या ताकदीत मिळते. 2 मि.ग्रॅ.ची दीड गोळी म्हणजे 3 मि.ग्रॅ.; दुकानात 2 ची संपली म्हणून 4 ची पट्टी दिली गेली आणि घरी दीडच गोळी घेतली, तर तीच मात्रा 6 मि.ग्रॅ. होते. डॉक्टरांकडून मात्रा मि.ग्रॅ.मध्ये लिहून घ्यावी आणि शक्य असेल तर घरात एकाच ताकदीची गोळी ठेवावी. पट्टी कापून सुटी गोळी देताना ताकद छापलेला भाग कापला जाणार नाही, हेही पाहावे. आणि शेजाऱ्याला 1 मि.ग्रॅ. पुरते म्हणून आपल्यालाही पुरेल असे नसते. एकाच गावातल्या दोन माणसांची मात्रा आनुवंशिक फरकामुळे कितीतरी पट वेगळी असू शकते.

सिस्टरबाई (परभणी)

मी सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले आहे. रात्री-अपरात्रीच्या लक्षणांविषयी लिहिते.

डोक्याला मार लागला, मग तो मोटारसायकलवरून पडून असो, गोठ्यात बैलाने ढुसणी देऊन असो की न्हाणीघरात घसरून, या रुग्णाला तातडीने सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्यावे. तो व्यवस्थित बोलतो आहे, चालतो आहे, रक्तही आलेले नाही, यावर विसंबू नये. मी एक आजोबा पाहिले होते. ते पडल्यानंतर स्वतः चालत वॉर्डात आले, चहा मागून घेतला, नातवाशी बोलले, आणि काही तासांनी त्यांच्या बोलण्यात अडखळ येऊ लागली. त्यांना वेळेत आणलेले होते म्हणून वाचवता आले. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

शौचाकडे लक्ष ठेवावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळे होते, पण ते घट्ट असते. जठरातून रक्तस्राव होत असेल तर ते डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होते. असे दिसले, किंवा उलटीतून रक्त अथवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडले, तर सकाळची वाट पाहू नये. लघवी लाल किंवा तपकिरी होणे, नाकातून येणारे रक्त 10 मिनिटे नाकपुड्या चिमटीत धरूनही न थांबणे, अचानक पूर्वी कधी नव्हते असे डोके दुखणे, मार न लागता मोठाले काळेनिळे डाग उठणे, पाळीचा स्राव नेहमीपेक्षा फार वाढणे, ही सगळी लक्षणे त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत गेली पाहिजेत.

उलट बाजूही विसरू नये. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे किंवा बोलणे बोबडे होणे म्हणजे मेंदूत गुठळी गेल्याची किंवा रक्तस्राव झाल्याची खूण असते. यांत्रिक झडप असलेल्याला शांत खोलीत तिचा टिकटिक आवाज स्वतःला ऐकू येतो. तो एकाएकी मंद झाला आणि दम लागू लागला, तर झडप अडकल्याची शंका घ्यावी. 108 ला फोन करताना "रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि गुरुजींनी सांगितलेले कार्ड सोबत घ्यावे.

पूर्णेची लेक (हिंगोली)

माझ्या भावजयीची झडप लग्नाआधीच बदललेली आहे आणि तिला हीच गोळी चालू आहे. घरात आता बाळाचा विषय निघतो आहे. गर्भारपणात गोळी चालते का?

फिजिशियन (धाराशिव)

ताई, हा प्रश्न दिवस राहण्यापूर्वीच विचारलात, हे फार चांगले केले. गर्भाच्या साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात या गोळीमुळे बाळात व्यंग येऊ शकते, आणि मात्रा जास्त असेल तर धोकाही जास्त असतो. दुसरीकडे, गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि गोळी आपल्या मनाने बंद केली तर झडपेवर गुठळी धरून आईच्याच जिवावर बेतते. त्यामुळे कोणत्या आठवड्यात गोळी ठेवायची आणि कोणत्या आठवड्यात गुठळी रोखणारी हेपॅरिनची इंजेक्शने द्यायची, याची आखणी हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून आधीच करावी लागते. त्यांची भेट होईपर्यंत गर्भनिरोधन चालू ठेवावे. पाळी चुकली तर लगेच चाचणी करून त्याच आठवड्यात भेटावे, परंतु तोवर गोळी थांबवू नये.

अंबाडी (निलंगा)

भाजीबद्दलच्या उत्तरासाठी डॉक्टरसाहेबांचे आभार. सासूबाईंनाही वाचून दाखवले. आमच्या ओळखीच्या एकांना तपासणी न लागणारी नवी गोळी दिली आहे. ती सर्वांना का देत नाहीत?

फिजिशियन (धाराशिव)

डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान आणि अ‍ॅपिक्साबान ही ती औषधे. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या अनेकांसाठी आणि पायाच्या शिरेतील गुठळीसाठी ती उत्तम आहेत, परंतु यांत्रिक झडप असलेल्यांना ती देत नाहीत. डॅबिगॅट्रानची तशी चाचणी झाली होती; तीत गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही अधिक आढळल्याने ती मध्येच थांबवावी लागली आणि तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या तापाने झडप आकसलेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या रुग्णांवर रिव्हारोक्साबानचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2022 मध्ये आले आणि तेथेही जुन्याच गोळीचे रुग्ण अधिक जगले. आपल्या भागातील पुष्कळ रुग्ण या दोन गटांत मोडतात, म्हणून जुनी गोळी.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण मूत्रपिंडाची तपासणी लागते. त्यांचा परिणाम एका दिवसात ओसरतो, म्हणून त्या चुकवणे अधिक महागात पडते. रिव्हारोक्साबानची 15 किंवा 20 मि.ग्रॅ.ची गोळी जेवणासोबत घ्यावी, नाहीतर ती पुरेशी शोषली जात नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून घेऊ नये. आणि वर औषधालय यांनी लिहिलेले वेदनाशामकांचे सगळे नियम या गोळ्यांनाही जसेच्या तसे लागू आहेत.

मांजराकाठ (लातूर)

शेवटचा प्रश्न. वडिलांची दाढ किडली आहे आणि ती काढावी लागणार आहे. दंतवैद्य म्हणतात की हृदयाच्या डॉक्टरांना विचारून गोळी बंद करून या, आणि ओळखीचे लोक सांगतात की आपणच चार दिवस आधी बंद करावी.

फिजिशियन (धाराशिव)

आपण बंद करू नये. एखादी दाढ काढण्यासाठी बहुतेक वेळा गोळी थांबवावी लागत नाही. आयएनआर मर्यादेत असेल आणि तो दाढ काढण्यापूर्वीच्या 24 तासांत पाहिलेला असेल, तर दंतवैद्य टाके घालून, कापसाचा किंवा जाळीचा बोळा दाबून आणि गरज पडल्यास ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा वापर करून रक्त थांबवू शकतात. दंतवैद्यांना हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलू द्यावे, म्हणजे आपल्याला निरोप्या व्हावे लागणार नाही. यांत्रिक झडप असल्यामुळे दाढ काढण्यापूर्वी जंतुनाशकाचा एक डोस द्यावा लागतो. त्याचीही आठवण करून द्यावी. वेळ सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची घ्यावी, म्हणजे रक्त पुन्हा सुरू झाले तर दवाखाना उघडा असतो. नंतर दुखले तर पॅरासिटामॉल. दंतवैद्यांच्या छापील चिठ्ठीवर डायक्लोफेनॅक किंवा मेट्रोनिडाझोल आधीच लिहिलेले असेल, तर तेथेच उभे राहून ते बदलून घ्यावे.